मुंबईचा फराक

दिग्रसच्या त्या कापडवाल्या सेठची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती, कारण तो ती सगळ्यांना सांगायचा. फाळणीत सिंधमधलं घर गेलं, दुकान गेलं, छावणीत दिवस काढले, आणि खांद्यावर कापडाचं एक गाठोडं घेऊन एकटा माणूस दिग्रसच्या मोटार स्टँडवर उतरला. तो उतरला त्या दिवशी मी तिथं नव्हते. पण पुढं तो फेरी करायचा तेव्हा मी त्याला पुष्कळदा पाहिलं. गाठोडी दोन होती. एक त्याच्या खांद्यावर आणि दुसरं, त्याहून मोठं, त्याच्या बायकोच्या डोक्यावर.

त्याचं घर गेलं हे खरं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि कुणाचं घर जावं असं मला कधी वाटलं नाही. पण त्या दुःखाचं त्यानं जे केलं त्याची मला किळस येते. ते दुःख त्यानं ताग्यांच्या शेजारी मांडून ठेवलं होतं. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी होती. भाव ऐकून गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की तो उपरण्यानं डोळे पुसायचा आणि छावणीत किती दिवस उपाशी होता ते सांगायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीन दिवस होता. दुकानाला रंग दिला त्या वर्षी पाच झाले. पुसदला दुसरं दुकान निघालं तोवर तो नऊ दिवस उपाशी राहिला होता. माणूस जसजसा जाड होत गेला तसतशी त्याची उपासमार वाढत गेली.

मी हे सगळं इतक्या जवळून ऐकलं, कारण अडीच-तीन वर्षं मी त्याच्या दुकानात होते. दुकानात म्हणजे पडद्यामागं. ते कसं झालं ते सांगते.

छप्पन साली मी बावीस वर्षांची असेन. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, कापसाचा हंगाम असेपर्यंत. आमची वस्ती नाल्यापलीकडं. त्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला नागपूरला जायचं ठरलं आणि निरोप आला की सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं. पांढरं लुगडं आमच्यात कुणाकडे असणार? आम्ही चार बायका बाजारातल्या जुन्या दुकानात गेलो. दुकानदार गादीवरून उठला नाही.

"पांढरं कायले पाहिजे वं तुमाले? कोन मेलं का?" तो म्हणाला, आणि दुकानात बसलेले सगळे हसले.

दुसऱ्या दुकानात तागा दाखवायलाच नकार दिला. आम्ही हात हलवत परत आलो. आणि दोनच दिवसांनी हा माणूस बैलगाडीत पांढऱ्या कापडाचे गठ्ठे घालून आमच्या वस्तीत आला. लुगडी, धोतरं, झंपराचं कापड, सगळं. माझ्या सासऱ्यांच्या बाजेवर बसला. पाणी मागितलं. माझ्या सासूनं बिचकतच तांब्या पुढं केला, तर त्यानं तो तोंडाला लावून गटागटा पिऊन रिकामा केला. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

"पयलाच वाणी पाह्यला म्या, आपल्या घरचं पाणी पेनारा," ते म्हणाले.

त्या दिवशी सगळ्या वस्तीनं त्याच्याकडून कापड घेतलं. भाव कुणी केला नाही. पाणी पिणाऱ्या माणसाशी भाव कसा करायचा?

नागपूरहून परत आल्यावर आम्ही ती लुगडी नाल्यावर धुवायला नेली. पहिल्याच पाण्यात कांजी सुटली. भाताची पेज सांडावी तसं पाणी पांढरं झालं आणि हातात जे उरलं त्यातून पलीकडचा दगड दिसत होता.  पण त्या लुगड्यांत आम्ही नागपूरला गेलो होतो. ती कुणी टाकली नाहीत. दुहेरी करून नेसलो.

तरीही त्या वेळी मला त्याचा राग आला नाही. व्यापारी आहे, फसवायचाच, असं म्हणून सोडून दिलं. राग नंतर आला. दोन वर्षांत त्याला बाजारओळीत पक्की जागा मिळाली आणि सासरे मोठ्या आशेनं त्याच्याकडे मांजरपाट घ्यायला गेले. ओळखीचा माणूस म्हणून एक पायरी चढले. सेठनं "खाली, बावाजी, खाली" असं म्हणून हात केला, कापड फाडलं, आणि मोजायच्या गजाच्या टोकावर ठेवून ते वरून त्यांच्यापुढं धरलं. सासरे घरी आले, कापड सासूला दिलं आणि बाजेवर आडवे झाले. पडल्या पडल्या एवढंच बोलले, "शिकला बावा."

खरंच शिकला होता. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला गावाची भाषा शिकायला वेळ लागतो. कुणाला किती अंतरावर उभं करायचं हे मात्र तो भाषेच्या आधी शिकला. मराठी त्याला शेवटपर्यंत धड आली नाही.

त्याच्या बायकोला मी भाभी म्हणायची. उंच, किडकिडीत बाई, सलवार-कुडता घालायची म्हणून गावातल्या पोरी तिच्यामागं हसत जायच्या. त्या दुकानाचं नशीब फिरवलं ते तिनं. ताग्यांचे उरलेले तुकडे ती घरी न्यायची आणि त्यातून लहान पोरींचे फराक शिवायची. छातीवर बारीक चुण्या घालून त्यांवर रंगीत दोऱ्याची नक्षी, तिच्या माहेरच्या पद्धतीची. एका बाजाराच्या दिवशी तिनं सात फराक दुकानाच्या दारात दोरीवर टांगले. दुपारपर्यंत दोरी रिकामी झाली. आमच्याकडे तोवर तयार कपडा ही गोष्टच नव्हती. शिंप्याकडं कापड टाकायचं, सणाच्या दिवशी तो देईल तेव्हा आणायचं, बाही आखूड झाली तर हात आखडून घ्यायचा, अशी रीत. तयार फराक पाहून बाया वेड्या झाल्या.

एकटीला शिवणं होईना तेव्हा भाभी मला शोधत वस्तीत आली. माझा मामा नागपूरला गिरणीत होता. लहानपणी मी त्याच्याकडे राहून शेजारच्या शिंप्याकडं मशीन शिकले होते, हे तिला कुठूनतरी कळलं होतं.

"आप आयेंगी?" तिनं विचारलं. मग आमची भाषा आठवून म्हणाली, "तुम्ही येता? मला शिकवते मी तुम्ही... तुम्हाला."

मी हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मी गेले.

सेठनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "बाई, पुढून यायचं नाय. मागे गल्ली आहे. गिऱ्हाईक असते, समजा करो."

मी समजून घेतलं. तेव्हा बरंच समजून घ्यायची मी. हंगाम संपला होता, नवरा घरी बसला होता. मागच्या गल्लीतून यायचं, खोलीत मशीन, खोली आणि दुकान यांच्यामध्ये जाड निळा पडदा. भाभी बेतायची, मी शिवायची. दुपारी आम्ही दोघी एकाच ताटलीतली पोळी खायचो. तिनं मला त्या चुण्या शिकवल्या. आधी कापडावर ठिपके काढायचे, मग दोरा एका ठिपक्यातून दुसऱ्यात ओढायचा, न तोडता, न आवळता. महिन्याभरात माझा हात तिच्याइतका बसला आणि तिचे डोळे दुखायचे म्हणून ते कामही माझ्याकडं आलं.

मग एक दिवस सेठनं एक पुडकं आणून माझ्यापुढं टाकलं. आत लाल दोऱ्यानं विणलेल्या छोट्या पट्ट्या होत्या, इंग्रजी अक्षरांच्या. मला इंग्रजी येत नव्हतं.

"काय लिहिलं हो यावर?" मी भाभीला विचारलं.

"बंबई," ती म्हणाली आणि मान खाली घालून कात्री चालवायला लागली.

प्रत्येक फराकाच्या गळ्यापाशी ती पट्टी मी शिवायची. आणि पडद्यापलीकडून ऐकायची. "बंबईचा माल, ताई. तिथं मोठ्या मोठ्या मशीनवर होते. माझा आदमी जाते आणायला." गावातल्या मोठ्या घरच्या बायका बोटं फिरवून त्या चुण्या पाहायच्या. एकदा एक पाटलीणबाई म्हणाल्या, "आपल्या इकडच्या लोकाइले असं काही जमतच नाही. हात नाहीत तसे." त्यांचं ते वाक्य मी दोऱ्याचं टोक दातात धरून ऐकलं. माझ्यापासून त्या पाच हातांवर होत्या.

पहिल्यांदा मला ती गंमत वाटली, हे कबूल करते. घरी गेल्यावर मी नवऱ्याला नक्कल करून दाखवायची. सेठ डोळे कसे पुसतो, पाटलीणबाई नाकाला फराक लावून मुंबईचा वास कसा घेतात. नवरा हसून लोटपोट व्हायचा. सासरे हसायचे नाहीत.

याच पाटलीणबाईंच्या घरी पुढं लग्न निघालं. धाकट्या मुलीसाठी त्यांना खास फराक हवा होता, मापाचा. सेठनं पोरीचं माप घेतलं. म्हणजे भाभीनं घेतलं, त्यानं आकडे मोठ्यानं म्हटले. "आज रात्रीच्या गाडीनं बंबईला पाठवतो," तो म्हणाला. "आठ दिवसांत येते." फराक दुसऱ्या दिवशी दुपारी शिवून तयार होता. सहा दिवस तो माझ्या डोक्यावरच्या खुंटीला मुंबईहून निघायची वाट पाहत लटकला.

सातव्या दिवशी पाटलीणबाई मुलीला घेऊन दुसऱ्याच कशासाठी आल्या होत्या. मोठ्यांचं बोलणं चालू असताना पोरगी कंटाळली आणि सरळ पडदा बाजूला करून आत आली. पाच वर्षांची असेल. माझ्याकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं आणि ओरडली,

"माय, माहा फराक इथंच हाय! एक बाई शिवून राह्यली!"

पाटलीणबाई पडद्यात उभ्या राहिल्या. मी मशीनवर होते. भाभी घरी गेली होती. सेठ मागून धावत आला.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

"ती फकत गुंड्या लावते. माल सकाळीच आला बंबईहून."

"पन हाय कोन? कोनाची?"

त्या प्रश्नाचा अर्थ दिग्रसमध्ये पाळण्यातल्या लेकरालाही कळत होता. सेठनं उपरण्याचं टोक हातात घेतलं. मग त्याचे डोळे भरून आले. खोटं बोलायच्या आधी त्याचे डोळे भरून यायचे, हे तोवर मला माहीत झालं होतं.

"आमच्यातलीच हाय, ताई. सिंधची. आदमी मारला गेला दंग्यात. बिचारीला मराठी येत नाय."

पाटलीणबाईंनी "अगं माय" केलं. माझ्याकडं अशा काही दयेनं पाहिलं की मला हसू आवरेना, म्हणून मी खाली पाहिलं. त्यांना वाटलं मी रडते. फराक घेऊन त्या गेल्या.

घरी नवरा जिवंत होता आणि भाकरीची वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सेठनं मला एक कापड दिलं. फिकट जांभळं. "सलवार-कुडता शिवा. आल्यावर इथं घालायचं, जाताना काढायचं. आणि बोलायचं नाय. कुणी आलं तर मान हलवायची."

इथं मला स्वतःचीही लाज वाटते, म्हणून लपवत नाही. मी तो पोशाख शिवला. आपल्या हातानं शिवला आणि घातला. भाभी म्हणाली, "नका घालू," हळूच, दोनदा. पण शिवणकाम मला आवडायला लागलं होतं, घरात चूल माझ्यावर चालत होती, आणि मला वाटलं, कपडाच तर आहे. सेठ मात्र खूश झाला. स्वतःची फाळणी त्यानं इतक्यांना विकली होती की त्यातला एक तुकडा मला फुकट देताना त्याला काहीच वाटलं नाही.

वर्षभर मी जन्मगावात मुकी होते. आता पडदा उघडाच असायचा. मोठ्या घरच्या बायका आत येऊन माझ्याशेजारी बसायच्या, कारण बिचाऱ्या निर्वासित बाईला पाहणं हे पुण्याचं काम. कुणी मला लाडू आणून द्यायचं. कुणी डोक्यावरून हात फिरवायचं. तोच हात माझ्या लुगड्याला लागला असता तर घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली असती. आणि मला भाषा येत नाही म्हणून त्या माझ्यासमोर सगळं बोलायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कुठं जातो, आणि बहुतेक वेळा शेवटी आमची वस्ती. आमच्या लोकांनी गावची ठरलेली कामं सोडली होती. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, ओढणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्याचा राग सगळ्या गावाला.

मी मान हलवायची. बोटाखालून चुण्या सरकत राहायच्या.

साठ साल उलटून गेलं होतं. पावसाळ्याचे दिवस होते. पाटलीणबाई आल्या, त्यांच्याकडे बारसं होतं आणि मोठ्या मुलीचा तयार झालेला फराक न्यायचा होता. माझ्याजवळ पाटावर बसल्या. सोबत आणखी एक बाई होत्या. भाभी समोर बेतत होती.

"आमचा बैल मेला नं परवा," पाटलीणबाई सांगत होत्या. "दोन दिस पडला होता गोठ्यात. वास सुटला. निरोप धाडला त्या वस्तीत, तर मनते आमी नाही येत. पांढरी लुगडी नेसून आल्यापासून लयच माजले. म्हायी सासू मनत होती, एकेकीचं ते पांढरं फाडून..."

पुढं त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही. बोलून झाल्यावर त्यांना माझी आठवण झाली. मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं,

"बाई, तुम्हारे उधर भी ऐसे लोग होते क्या?"

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं. मी काही ठरवलं नव्हतं. वर्षभर गप्प बसलेल्या माणसाचा आवाज कसा निघेल याचीही खात्री नव्हती. पण निघाला, चांगला खणखणीत निघाला.

"आमच्या तिकडं कायले, बाई? नाल्यापलीकडंच हावो आमी. त्यातलीच मी एक. तुमच्या पोरीच्या आंगातला फराक बी म्याच शिवला, अन् पह्यलेचे चार बी."

पाटलीणबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. तो उचलायचं त्यांना सुचेना. मग चटका बसावा तसा उचलला आणि त्या हाताचं काय करावं हे न कळून तो त्यांनी तसाच हवेत धरला. दुसऱ्या बाई "अगं माय, अगं माय" करत पायरीकडं निघाल्यासुद्धा.

सेठ आत आला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"पागल हाय ती, ताई! दंग्यापासून डोकं फिरलं तिचं—"

"माहा नवरा जिनिंगमध्ये हाय," मी म्हणाले. "कोनी बी जाऊन पाहा. मेला नाही तो."

"चूप! निघ! मागून निघ!" तो ओरडला. त्याची मराठी त्या वेळी एकदम शुद्ध झाली.

मी उठले. जांभळा कुडता डोक्यावरून काढून मशीनवर टाकला. आत माझं झंपर होतंच. सलवारीवर लुगडं गुंडाळलं. मागच्या दाराकडं वळले तेव्हा भाभीनं कात्री खाली ठेवली, माझा हात धरला आणि मला पडद्यातून दुकानात नेलं. ताग्यांच्या मधून, गादीवरून, गिऱ्हाइकांसमोरून. ती घाईत नव्हती. दुकानात पाच-सहा माणसं होती, सगळी बाजूला झाली. पायऱ्यांवरून आम्ही दोघी उतरलो. खाली रस्त्यावर आल्यावर तिनं माझा हात सोडला आणि आपल्या ओढणीनं माझं तोंड पुसलं. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

"भाभी, तुमी जा आत," मी म्हणाले. "ते माराले धावतीन तुमाले."

"नहीं मारता," ती म्हणाली. "उसको फराक कौन देगा?"

आणि ती परत पायऱ्या चढून गेली.

आता गावाचं सांगते. पाटलीणबाई त्या दिवशी फराक टाकून गेल्या. घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली असं त्यांच्या गड्यानं आमच्या वस्तीत सांगितलं, मुलींनाही घातली. आठवडाभर दुकान ओस पडलं. आणि बारशाच्या आदल्या दिवशी तोच गडी सेठकडं आला आणि तो टाकलेला फराक घेऊन गेला. गावात तसा दुसरा नव्हता ना. बारशात मुलीनं तो मिरवला. कुणी विचारलं तर मुंबईचा आहे म्हणून सांगितलं. दिवाळीपर्यंत सगळ्या जणी परत यायला लागल्या. शिवणारी बाई बदलली, एवढ्यानं त्यांचा विटाळ फिटला. जे आधीचे फराक घराघरांत पोरींच्या अंगावर होते ते कुणी जाळले नाहीत. धाकटीला झाले, मग तिच्या धाकटीला झाले. या गावाच्या सोवळ्याओवळ्यावर तेव्हापासून माझा काडीचा विश्वास नाही. खरं सोवळं असतं तर निदान त्यांनी तरी त्याचा मान ठेवला असता.

मी चांदीचे वाळे मोडून एक जुनं मशीन घेतलं. घरी फराक शिवायचे आणि नवऱ्यानं ते गठ्ठा करून बाजाराला न्यायचे, आर्णीला, फुलसावंगीला. पट्टी नसायची. कुणी विचारलं "कुठचा माल?" तर नवरा म्हणायचा, "माह्या बायकोचा." काही घ्यायचे, काही ठेवून द्यायचे. तांड्यावरच्या बाया सगळ्यात जास्त घ्यायच्या. त्या चुण्या पाहायच्या, गळा ओढून शिवण पाहायच्या आणि नाव-गाव काही न विचारता घेऊन जायच्या. पुढं मी शिवणाच्या परीक्षेला बसले, पास झाले आणि सरकारी शिवणवर्गात शिक्षिका म्हणून लागले. वर्ग दिग्रसमध्येच, एका जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत.

सेठ मोठा होत गेला. पुसदला दुकान, दिग्रसचं दुकान दुमजली. त्याचा सत्कार झाला तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींना स्वागतगीत म्हणायला बोलावलं होतं, म्हणून मला जावं लागलं. अध्यक्ष कुणी पुढारी होते. सेठनं हार घातलेला, उपरणं हातात तयार. एकच गाठोडं, नऊ दिवस उपाशी, सगळं झालं. मग तो म्हणाला, "ह्या दोन हातांनी आणि एका कात्रीनं मी दिग्रसच्या लेकरांना पहिला तयार फराक दिला." त्या माणसानं कात्री कधी हातात धरली असेल तर ती पुडकं उघडायला. तो पुढं म्हणाला, छप्पन साली नाल्यापलीकडच्या गरिबांना अंग झाकायला पांढरं वस्त्र त्यानं दिलं. दिलं, असं म्हणाला. विकलं नाही म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं. ज्यांच्या पोरींनी माझे फराक घातले तेही टाळ्या वाजवत होते.

भाभी बायकांच्या रांगेत बसली होती. तिचे डोळे बरेच अधू झाले होते, जाड चष्मा लागला होता. टाळ्या संपल्यावर ती उठून माझ्याजवळ आली.

"तुमचा वर्ग कधी असते?" तिनं विचारलं. तिचं मराठी आता चांगलं झालं होतं.

"रोज. दुपारचा."

पुढच्या मंगळवारी ती आली. दाराजवळ थोडी थांबून श्वास घेतला आणि आत आली. मुलींना तिनं ठिपके काढायला शिकवलं, दोरा न आवळता ओढायला शिकवलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी बोटांना सगळं दिसत होतं. मग दर मंगळवारी यायला लागली. पगार नाही, नेमणूक नाही. कुणी विचारलं तर मी सांगायची, पाहुण्या आहेत.

सेठला हे दीड-दोन महिन्यांनी कळलं. एका मंगळवारी तो स्वतः तिला न्यायला आला. दारात उभा राहिला. समोर मी, माझ्या मुली, त्यात निम्म्या नाल्यापलीकडच्या, आणि मधोमध जमिनीवर कापड अंथरून त्याची बायको. त्यानं मला ओळखलं. मी नमस्कार केला नाही, "या"ही म्हटलं नाही.

"घरी चल," तो सिंधीत म्हणाला. एवढं मला कळत होतं.

"हे कापून होऊ द्या," ती मराठीत म्हणाली. "बसा तिथं."

तो बसला. मुलींचं एक छोटं बाकडं होतं, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला. उपरणं मांडीवर. काजं करायला शिकत असलेली एक मुलगी त्याच्याशेजारीच होती. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग भाभीला म्हणाली,

"बाई, हे कोन हायेत वं?"

भाभीनं चष्मा वर केला आणि त्याच्याकडं पाहिलं.

"माझा नवरा," ती म्हणाली. "कपड्याचं दुकान आहे त्याचं." आणि मग त्या मुलीला म्हणाली, "तू तिकडं नको पाहू. दोरा सुटला तुझा."